कुलूप राहिलं, चावी गेली

भूकंपाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा वर्षाराणीनं निलंग्याकडच्या एका पुनर्वसित गावात बायांचं बोलणं टेप केलं. मयताच्या अंगावरचे दागिने कुणी काढले, तेही बायांनी नावानिशी सांगितलं. म्हणून तिच्या भावानं, सोमेशनं, फायलींना कुलूप घालणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. तो लातुरात क्लासवर कॉम्प्युटर शिकवायचा. कुलूपबंद प्रती झाल्यावर तिनं मूळ फायली पुसून टाकल्या.

पुढं लॅपटॉप बिघडला, दुकानदारानं फॉरमॅट करून सगळं पुसलं. तिला काळजी नव्हती. चावी आणि फायली पेनड्राइव्हवर होत्या. पण एकही फाईल उघडेना. तिनं सोमेशला बोलावलं.

त्यानं चावीची यादी काढली. दोनच ओळी होत्या.

"ही बघ, 'ई' हाय की! एनक्रिप्शनचा, म्हंजे कुलपाचा ई," ती म्हणाली. "तेवढं बघूनच कॉपी केली मी."

सोमेशनं ओळींच्या सुरुवातीला बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "ताई, 'ई' नुसतं काम सांगतो. चावी कोणती ते ओळीच्या सुरुवातीला असतं. इथं 'पब' अन् 'सब' हायत. ही चावीची लोकांना द्यायची बाजू, हिनं फक्त कुलूप लागतं. उघडायला गुपित बाजू, 'सेक' अन् 'एसएसबी' या ओळी पाहिजेत."

"कुठं हायत त्या?"

"फॉरमॅटमध्ये गेल्या."

"तोडता येत न्हाई का?"

"कुणाला तुटू नये म्हणूनच बसवलं होतं ना."

अकरा बायांचे आवाज समोर होते आणि आता ते कुणालाच ऐकू येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती त्या अकराजणींतल्या नागम्माच्या दारात उभी राहिली. "मावशी, तुमचं बोलणं माझ्या हातून गेलं."

"समदं?"

"समदं."

नागम्मानं तिला आत बसवलं. "मागं काय सांगितलं होतं म्या?"

"जाऊबाई झोपेतच गेल्या म्हणून."

"न्हाई गं. दुपारपत्तुर मातीखालनं हाका मारत होती. लेकरू घेऊन मी लांब जाऊन बसले. ऐकू येऊ नये म्हणून."

वर्षाराणी तिच्याजवळ सरकली.

"टेप कर," नागम्मा म्हणाली.

वर्षाराणीनं रेकॉर्डर काढला, पण तिला बटण सापडेना.