चिंध्यांचा उंदीर

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. वडील शिंपी होते आणि घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. आमची मांजर पिल्लू होती तेव्हा ते कापडाखाली बोटं नाचवून तिला खेळवायचे. मोठी झाल्यावर ती कापडाखाली हलेल त्याला चावू लागली. एका गिऱ्हाइकाचा घोटा तिने धरला, तेव्हा वडील भडकले.

"पुन्हा चावली तर पोत्यात घालून लांब सोडून येईन!"

"चटक तूच लावलीस की, दादा," आत्या म्हणाली. तिचा मांजरीवर फार जीव. तिने चिंध्यांचा उंदीर शिवला, त्याला लांब इलॅस्टिक बांधलं आणि आम्हाला बजावलं, "आता खेळायचं ते याच्याशीच. हात कुणी पुढे केला तर बघा!"

पुढच्या आठवड्यात गावातल्या डॉक्टरीणबाई शिवायला टाकलेला झगा घालून बघायला आल्या. वडील खाली बसून घोळाला टाचण्या लावत होते. घोळ हलला. शिलाई मशीनखाली मांजर दबा धरून बसली होती, तिच्या शेपटीचं टोक थरथरत होतं. मांजर झेप घेणार, एवढ्यात आत्याने उंदीर फेकला आणि इलॅस्टिकला हिसका दिला. उंदीर टुणकन उडाला. क्षणभर मांजर घोळाकडेच बघत राहिली, मग उंदरावर तुटून पडली.

वडिलांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "राहू दे तिला," ते एवढंच म्हणाले.

पुढे आत्याचं लग्न झालं, नवऱ्याने तिला मांजरीसकट पत्करलं. डॉक्टरीणबाई परगावी गेल्या, तरी कपडे आमच्याकडूनच शिवून घेत. वडिलांमागे दुकान मी चालवलं.