देवाप्पांची झारी आणि शेवटचा नळ

मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची, पोचे आलेली, बुडाची भोकं बुजवायला दोनदा डाख बसलेली. मित्रांनो, फार बोलायचा आता मला कंटाळा येतो, पण विचारलंत म्हणून सांगते.

बेळगावच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं आणि मी कॅम्पातल्या एका बंगल्यात आले. तिथले माळी देवाप्पा मागच्या विहिरीचं पाणी शेंदून माझ्यात ओतायचे आणि हिरवळीला घालायचे. पाहुणे हिरवळीचं कौतुक करत. माझं कुणी केलं नाही, पण माझं पोट भरलेलं असायचं.

एकोणऐंशी साली बंगल्यात नळ आला आणि त्याला रबरी पाईप लागला. विहिरीवर फळ्या पडल्या. मी खोपटात खिळ्याला टांगली गेले, कोळ्यांनी माझ्या तोंडात घर केलं. सकाळी नळाला पाणी आलं की देवाप्पा पाईप सोडून हिरवळ भिजवत.

त्यांची बायको सुलाबाई दुपारी खोपटात भाकरी घेऊन येई. तिच्या गल्लीचा नळ बंगल्याच्याच लाइनीच्या अगदी शेवटी होता. उन्हाळ्यात त्याला धारच येईना. "वर कोण मेला पाणी ओढतोय की! किती उभारलं तरी घागर भरत न्हाय," असं ती करवादायची. देवाप्पाही तिच्याबरोबर त्या मेल्याला शिव्या घालत.

एका चैत्रात देवाप्पा यल्लम्माच्या डोंगराला गेले. परत येऊन कामाला लागले त्या दुपारी सुलाबाई म्हणाली, "आई पावलीती बघा! तुमी गेल्यापास्नं नळ कसा धबाधबा वाहत हुता. आज सकाळधरनं मातूर पुन्हा बारीक."

देवाप्पांचा घास हातातच राहिला. सकाळी, इतक्या दिवसांनी, पाईप त्यांनीच सोडला होता.

ती गेल्यावर त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, कोळी झटकले आणि विहिरीवरच्या फळ्या सरकवल्या. पाणी होतं तसंच होतं, वर नुसता पाला साचलेला.

मग आम्ही पुन्हा जुंपले गेलो. एवढी मोठी हिरवळ, मी गळकी आणि त्यांची कंबर धरलेली. बाईसाहेबांनी विचारलं तेव्हा देवाप्पा एवढंच म्हणाले, "विहिरीचं पाणी लॉनला मानवतंय, बाईसाहेब." खरं सांगू? मला त्यांचा रागच यायचा. खिळ्यावर मी निवांत होते.

एके दिवशी सुलाबाई सकाळीच आली आणि त्यांना वाकलेलं बघून ओरडली, "आवं, पाईप असताना ह्यो तरास कशापायी? कंबर मोडून घ्यायची हाय व्हय?"

देवाप्पा धापा टाकत म्हणाले, "तुझ्या नळाला पाणी येतंय न्हवं?"

ती आधी पाईपकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. तिला सगळं कळलं. तिने भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं आणि विहिरीचा दोर त्यांच्या हातातून काढून घेतला.

मित्रांनो, मी आता थकले, फार टिकणार नाही. गवताला विहिरीचं पाणी आणि नळाचं पाणी यांतला फरक कळत नाही. तेव्हा बागेला नळ सोडण्याआधी त्याच लाइनीच्या शेवटी घागर घेऊन कोण उभं आहे, तेवढं बघा. कदाचित तुमच्याच घरचं माणूस असेल.