नाव न घेतलेले औषध

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. चंदन उगाळण्याचे भाग्य माझ्या वाट्याला कधी आले नाही. पळसदरीच्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. मध्ये जराशी खोल आणि एका बाजूला तिरपी. शिळफाट्याच्या बाजारात अंबाबाईने मला उचलले, अंगठ्याने चोळून पाहिले आणि म्हणाली, "ही उगाळ धरंल."

लोधिवलीत तिच्या घरी माझे आयुष्य गेले. वेखंड, सुंठ, मुरडशेंग, हळकुंड. कोणाच्या बाळाचे पोट दुखो, आधी माझी आठवण. लोक म्हणत, "अंबाबाईच्या हाताला गुन हाय." मी मनात म्हणे, हातालाच का? झिजते कोण? खरे सांगते, मला तेव्हा थोडा ताठा चढला होता.

मग तिच्या एकुलत्या एका लेकाला, कोंडाजीला, आव लागली. ती गेलीच नाही. महिनाभर बरा, की पुन्हा रक्त पडे, दिवसातून दहा-दहा वेळा परसाकडे जाणे. नांगर धरणारा गडी भिंत धरून चालू लागला. जवळच्या चौक गावात एक डॉक्टर होते. त्यांच्या सुयांनी उतार पडला. पण ते १९४३ साल होते. लढाईमुळे सुया मिळेनाशा झाल्या. मग त्यांनी पातळ औषध दिले. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली होती. सकाळी एका खुणेइतके घ्यायचे, संध्याकाळी एका खुणेइतके.

अंबाबाई डॉक्टरांच्या विरुद्ध नव्हती. बाटली ती स्वतः हलवून औषध देत असे. पण डोंगरातल्या वाडीवरच्या बुधाजीने तिला कुड्याची साल आणून दिली आणि बजावले, "कुनाला नाव सांगू नको. नाव घ्येतलं का गुन गेला." आमच्याकडे झाडपाल्याचे औषध असेच देतात आणि घेणारेही ते पाळतात. अंबाबाई ती साल माझ्यावर ताकात उगाळी. रक्त थोडे कमी झाले, हे मी स्वतः ऐकले आहे.

पोटातली कळ मात्र हटेना. लेकाचे कण्हणे तिला ऐकवेना. तेव्हा तिने स्वतःच्याच मनाने जायफळाबरोबर अफूचा कण उगाळला. तान्ह्या मुलांना झोप लागावी म्हणून ती तो देतच आली होती. कळ थांबे आणि काही वेळाने परत येई. मग कण मोठा झाला.

एके सकाळी डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी विचारले, "बाई, माझ्या औषधाशिवाय आणखी काही देता का?"

"काय नाय, डाक्तर. तुमचंच चालू हाय."

ती बुधाजीची साल झाकायला गेली आणि अफूही झाकली गेली. मी चुलीमागे ओलीच पडले होते. कळ अजून येते म्हणून डॉक्टरांनी बाटलीची एक खूण वाढवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोंडाजी उठेना. पोट फुगून टणक झालेले, ओठ काळसर, श्वास थांबून थांबून येत होता. त्याची बायको सुंदरा ओरडतच बाहेर गेली. शेजारचा शकूर धावत चौकला गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी कोंडाजीची पापणी वर करून पाहिली आणि पुन्हा तेच विचारले. अंबाबाईने पुन्हा नाही म्हणून मान हलवली.

सुंदराला सगळे ठाऊक होते. सासूपुढे बोलण्याची तिची रीत नव्हती, आणि नाव घ्यायचे नाही हेही तिने ऐकले होते. ती गुपचूप आत आली, मला उचलले आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवले.

त्यांनी वाकून माझा वास घेतला. "अफू! अहो, माझ्या बाटलीतसुद्धा अफूच आहे! आणि ही साल कसली?"

"नाव घ्येतलं तर गुन जाईल वो," अंबाबाई म्हणाली. मग तिने कोंडाजीकडे पाहिले. "जाऊं दे गुन. माझा कोंडा ऱ्हाऊं दे. कुड्याची साल हाय, बुधाजीनं दिली. अफू माजी. मीच दिली, डाक्तर, मीच."

बैलगाडीतून त्याला दवाखान्यात नेले. पोट धुतले, कोरा कडक चहा पाजला, हाका मारमारून जागे ठेवले. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, "कुड्याची साल वाईट नाही, ताकातून द्या. पण मला सांगून. अफूला हात लावायचा नाही."

कोंडाजीचे दुखणे अधूनमधून उसळतच राहिले. पण मला छळते ते वेगळेच. आईने वाटी पुढे केली की तो आधी सुंदराकडे पाही. तिने होकाराची मान डोलावली की मगच पिई. अंबाबाईला ते दिसे. ती राखेने मला घासत बसे, एकदा घासून झाले तरी पुन्हा.

आता मी पडवीत रांजणाखाली टेकू म्हणून पडले आहे. दोष सालीचा नव्हता, बाटलीचाही नव्हता. बाटलीतल्या अफूला आणि माझ्यावरच्या अफूला एकमेकींची खबर नव्हती आणि ती सांगणारे कोणी नव्हते. त्या सकाळी मी सगळे जाणत होते. मित्रांनो, मला देवाने तोंड दिले नाही. तुम्हाला दिले आहे. डॉक्टरांनी विचारले, की सांगा.