नऊ नंबरची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी काळी पाटी आहे. पण शाळेतली समजू नका. नागपूरच्या एका वीज कचेरीत टेलिफोनच्या बोर्डाशेजारी मी वीस वर्षं टांगलेली होते. माझ्या डाव्या अंगाला माणसांची नावं आणि उजव्या अंगाला खडूने लिहिलेले त्यांचे फोन नंबर असत. ऑपरेटर यमुताई माझ्याकडे बघून नंबर जोडायच्या. मोठे साहेबसुद्धा म्हणत, पाटीवर आहे ना, मग बरोबरच असणार. ते ऐकून मी फुगून जायची. गर्वाचं घर खाली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या कचेरीची एक रीत होती. मे महिना तापला की खोल्यांच्या भट्ट्या व्हायच्या आणि मंडळी आपापली टेबलं उचलून वाळ्याची ताटी लावलेल्या थंड खोलीत जाऊन बसायची. पावसाळा लागला की परत. माझ्यावरचा नंबर मात्र बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, मनोहररावांच्या सहीशिवाय बदलायचा नाही, असा नियम होता. चौऱ्याहत्तर साली मुकुंदरावांनी जागा बदलल्याची चिठ्ठी पाठवली, तर चार दिवसांच्या उन्हाची काय नोंद करायची, म्हणून बडेबाबूंनी ती परत केली.

हे मुकुंदराव गावोगावच्या तारांतली वीज बंद-चालू करण्याचा हुकूम देत. चिठ्ठी परत गेली त्याच आठवड्यात एके दिवशी कळमेश्वरकडच्या तारांची दुरुस्ती होती आणि गिरिधर नावाचा लाइनमन खांबावर चढला होता. आपला निरोप आला नाही तर तीन वाजता वीज सोडा, असं मुकुंदरावांनी कळमेश्वरच्या वीज केंद्राला सकाळीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाचा हुकूम केंद्र मानत नसे.

पावणेतीनला गिरिधरचा जोडीदार एका खेड्यातल्या पोस्टातून फोनवर आला. त्याला धाप लागली होती. काम लांबलं होतं, गिरिधर अजून वरच होता, वीज सोडू नका एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

यमुताईंनी माझ्याकडे पाहिलं. मुकुंदराव, नऊ. घंटी वाजत राहिली आणि कोणी उचलेना. त्यांनी मेकॅनिक भैय्याजींना हाक मारली. भैय्याजींनी बोर्डावरची जोडणीची दोरी बदलली, बॅटरी तपासली. त्यात दहा मिनिटं गेली.

"घंटी तं वाजून राहिली, बाई. तिथं माणूसच नाही," भैय्याजी म्हणाले.

दोष तारेत नव्हता, मित्रांनो, माझ्यात होता. मी खोटं सांगत होते आणि सगळे माझ्यावर विश्वास ठेवून बसले होते. मला फार लाज वाटली.

यमुताईंनी माझ्याकडे बघणंच सोडलं. एवढ्या उन्हात माणूस जाईल कुठे, असा विचार करून त्यांनी एका हाताने कळमेश्वरच्या केंद्राची लाइन धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने ताटीच्या खोलीचा चार नंबर लावला. तो गुंतलेला. तिथे खुद्द मनोहरराव आपल्या व्याह्यांशी बोलत बसले होते. बडेबाबूंच्या बोलण्यात शिरण्याची कोणा ऑपरेटरची आजवर छाती झाली नव्हती. यमुताई शिरल्या.

"बडेबाबू, लाइन सोडा. मुकुंदरावांले फोन द्या. गिरिधर अजून खांबावर आहे."

मुकुंदरावांचा आवाज केंद्राला पोचला, तेव्हा तीनला एक मिनिट कमी होतं.

थोड्या वेळाने मनोहरराव आले. धोतराच्या सोग्याने त्यांनी नऊ पुसला आणि चार लिहिला.

आठवड्याने गिरिधर कचेरीत आला. माझ्यावरची सगळी नावं वाचून त्याने विचारलं, "यात माहं नाव कुठं आहे, बाई?"

नव्हतं. खांबावर फोन नसतो, म्हणून त्याला नंबर नव्हता, आणि नंबर नाही म्हणून नावही नाही. यमुताईंनी माझ्या तळाशी एक रेघ ओढली आणि तिच्याखाली 'खांबावर' असं लिहिलं. वर चढणाऱ्याचं नाव तिथे लिहायचं आणि उतरल्यावर तो स्वतः फोनवर बोलेपर्यंत पुसायचं नाही, असं ठरलं. नाव आहे तोवर वीज नाही.

पुढे आपोआप नंबर जोडणारं यंत्र आलं. मला उतरवायला माणसं आली त्या दिवशी रेघेखाली एक नाव होतं. यमुताईंनी स्क्रू काढू दिले नाहीत. ती माणसं दोन तास चहा पीत ताटकळली, कुरकुरली.

मित्रांनो, माणसाने जागा बदलली की त्याच दिवशी नोंद बदला. उद्यावर टाकू नका. आता मी गोदामात धूळ खाते, त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या अंगावरून शेवटचा हात फिरला, तो सुखरूप खाली आलेल्या माणसाचं नाव पुसण्यासाठी.