दोधूची नळी आणि माझी कुईं

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. ब्राह्मणपुरीच्या एका खळ्यात कडुलिंबाखाली उभी असते. माझ्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात आणि पुढच्या बाकावर बसून विचार करतात.

माझा जन्म सातासमुद्रापार झाला. जहाजातून मुंबईला आणि तिथून आगगाडीने नंदुरबारला आले. पितांबर आप्पा माझे मालक, कापसाचे मोठे शेतकरी. गावात शिरताना बायांनी माझ्या चाकांवर पाणी घातले, दिव्यांना कुंकू लावले आणि समोर हिरव्या चाऱ्याची पेंढी ठेवली. मी ती खाल्ली नाही.

"नवी जागा शे, लाजस बिचारी," असे म्हणून बाया घरी गेल्या. सकाळी पेंढी नव्हती. शेजारची शेळी याबद्दल काही बोलली नाही, आणि गावात माझा मान वाढला.

दोधू माझा चालक झाला. जन्मभर त्याने बैलगाडी हाकली होती. आप्पांनी शब्द टाकला म्हणून त्याने बैलजोडी विकली आणि धुळ्याला जाऊन मोटार शिकून आला. वळणावर तो चाक फिरवी, पण तोंडाने "हो हो, राजा" म्हणणे काही सुटले नाही. बैलगाडीच्या आसाला तेल द्यायला गाडीखाली बांबूची वंगणनळी टांगलेली असते. दोधूने ती माझ्याखालीही टांगली. पोळ्याला त्याच्या दारी बैल नव्हते, म्हणून त्याने बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ माझ्या दिव्यांना लावला, मला मारुतीला फेरी घालून आणली आणि माझ्या नाकासमोर पुरणपोळी धरली. इतक्या मायेने मला दुसऱ्या कुणी वागवले नाही.

बरीच वर्षे बरी गेली; बाजाराच्या दिवशी आप्पा मला गावच्या उतारूंसाठी सोडत. मग एका उन्हाळ्यात माझ्या इंजिनातून 'कुईंऽ' असा आवाज येऊ लागला. मागे बसलेल्या बायांनी गप्पा थांबवल्या. कुणी कण्हत असताना बोलत बसणे बरे दिसत नाही.

दोधूने मान हलवली. "गाडं वरडनं म्हंजे तेल मांगस."

त्याने नळी घेतली आणि इंजिनावरचे झाकण उघडून माझ्यावर तेल ओतले. कुईं वाढली. त्याने आणखी ओतले. पुढच्या बाजाराला उतारूच घरून तेल घेऊन आले; कुणी तिळाचे, कुणी करडईचे, एका म्हातारीने तर वाटीभर तूप. मी चकाकू लागले. मुंग्या लागल्या. कुईं मात्र शिवारापलीकडे जाऊ लागली. दुखणे कुठे आहे हे मला ठाऊक होते, पण मला फक्त कुईं करता येत होते आणि ते मी मनापासून करत होते.

अशात आप्पांच्या मुलीचे लग्न ठरले. नवरदेव नवल नंदुरबारचा. आप्पांनी दोधूला बोलावले.

"दोधू, नवरदेवले आननं शे. रस्तामा मोटार वरडनी ना, ते मी तिले चक्कीवालाले दी टाकसू. इंजिन पीठ दळी. तू आपला बैल हाक."

दोधूची बायको तापीबाई तिथेच उभी होती. "बैल कोठे शेत आते, आप्पा? तुम्हना शब्दवर ते इकी टाकात!"

आप्पांनी पगडी काढून आत पाहिले. मग ती पुन्हा घातली आणि ते मांडव बघायला गेले.

लग्नाच्या दिवशी दोधूने सगळी नळी माझ्यावर रिकामी केली. आम्ही नंदुरबारला गेलो; नवरदेवाला ओवाळायला तापीबाईही आली होती. त्याला घेऊन येताना प्रकाशा गावाजवळ तापी नदीच्या वाळूतून मला बैलांनी ओढून काढले. हा अपमान दर उन्हाळ्याचा. पण काठ चढता चढता कुईंची किंकाळी झाली, पाणी उकळले आणि मी वाफ सोडून थांबले.

नवल बाशिंगाआडून म्हणाला, "मी पायी निंघू का?"

"तुम्ही पायी गयात ते आप्पा आमले चक्कीमा घालतीन," तापीबाई म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "वासरू कन्हस तवय तुम्ही तेल पाजतस का? आंगले कान लावतस. हिले लावा ना कान!"

"आंग तापेल शे. कान भाजी जाई."

बोलता बोलता दोधूची नजर रिकाम्या नळीवर गेली. त्याने तिचे बूड दगडावर फोडून ती आरपार केली. मी निवले तशी माझ्यात नदीचे पाणी भरले आणि मला पुन्हा सुरू केले. मग नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे माझ्या अंगाला लावत तो फिरला. वर, खाली, कुशीला. सगळीकडे नुसती धडधड. नळी पंख्याजवळ नेली तशी कुईं थेट कानात शिरली आणि दोधू दचकून मागे सरला.

इंजिन बंद करून त्याने हात घातला. माझे पाणी थंड ठेवणारा पंखा चामड्याच्या पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा आधी नुसता सैल झाला होता. आता तेलाने चिंब होऊन जागच्या जागी घसरत होता.

"तापी," तो हळूच म्हणाला, "तेलच हिले मारी ऱ्हायनं."

जवळ चिंधी नव्हती. त्याने नवरदेवाचे उपरणे मागितले. पट्टा पुसला, काठावरच्या झोपडीतून चुलीची राख आणून चोळली, पट्टा ताणला जाईल असा पंखा वर सरकवून पान्याने आवळला. मी निघाले ती एकही सूर न काढता. दोधू तर घाबरून थांबून थांबून मला पाहत होता.

मांडवात वेगळाच घोटाळा. कुईं ऐकली की वाजवायचे, असे वाजंत्र्यांना सांगून ठेवलेले. नवरदेव शांततेत उतरला, उपरण्यात तिळाच्या तेलाचा वास घेऊन.

आप्पा वेशीकडेच पाहत होते. "दोधू, मोटार कोठे शे?"

"तुम्हना म्होरे शे, आप्पा."

आप्पांनी माझ्यावर हात ठेवला. चक्कीचे नाव पुन्हा निघाले नाही.

पुढे लढाई आली, पेट्रोल मिळेना, आणि मी इथे उभी राहिले ती राहिलेच. चाके कुणी नेली ते शेळीलाही माहीत नाही. दोधू म्हातारा झाला. तरी पोळ्याला येतो, दिव्यांना हिंगूळ लावतो, पोळी ठेवतो आणि ती फुटकी नळी माझ्या इंजिनाला लावून बराच वेळ ऐकतो.

"काय म्हनस ती?" तापीबाई विचारते.

"काहीच नही म्हनस," तो म्हणतो आणि नळी तशीच धरून ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कुरकुरले, मग ते यंत्र असो की माणूस, तेल घेऊन धावू नका. आधी कान लावा. अजून कुरकुर ऐकू येते आहे, तोवरच लावा.