घाट चढणारा आवाज

धोंडप्पाचा जुना डिझेल टेम्पो पाण्याची टाकी घेऊन घाट चढताना एवढा बोंबलायचा, की उदगीरपासून इथपर्यंत त्यानं लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण दुष्काळात त्याच आवाजावर गावातल्या बाया घागरी घेऊन चावडीपुढं नंबर लावायच्या.

यंदा त्यानं बॅटरीचा टेम्पो घेतला. भरली टाकी घेऊन तो घाट असा चढला, जणू उतारावरून चाललाय. धूर नाही, धडधड नाही. दहा मिनिटं आधीच चावडीपुढं पोचून धोंडप्पानं ऐटीत हॉर्न वाजवला. जवळच्या घरांतल्या बाया धावत आल्या, पाइपावर तुटून पडल्या आणि बघता बघता टाकीनं तळ गाठला.

तेवढ्यात टेकडीवरची म्हातारी मल्लम्मा गुडघे धरत आली.

“संपलं, अव्वा,” धोंडप्पा म्हणाला. “हॉर्न ऐकू आला न्हाई का?”

“आला की. ऐकून तशीच उठले.”

“मग उशीर कसा झाला?”

मल्लम्मानं दोन्ही रिकाम्या घागरी त्याच्या चकचकीत गाडीपुढं आदळल्या. “मेल्या, तुझी जुनी गाडी घाटात रडाया लागली की मी घरातून निघायची. ती गावात येईस्तोवर खाली पोचायची. आता लई शहाणी गाडी आणलीस!”

धोंडप्पा चाचरला. “अव्वा, ही दहा मिनिटं लवकर येती.”

“हाव,” मल्लम्मा म्हणाली. “मला टेकडी उतरायला तेवढीच लागत्यात.”