दादा उलगडला तेव्हा

रविवारी दुपारी जेवताना माझा दादा उलगडला. मी त्याला एवढंच म्हणाले होते, "त्या दिवशी तू फोन उचलला असतास, तर बाबा आज असते." त्याचा हात वरणभातावर थांबला आणि खांद्यापासून सुटू लागला.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे काय होतंय ते मला लगेच कळलं. फार तापवलं की प्रथिनाच्या घड्या सुटतात. आधी मोठ्या घड्या गेल्या : छाती, पाठ, गुडघे. मग आतले पीळ सैल झाले. हायड्रोजनचा एकेक बंध तसा दुबळाच असतो, पुष्कळ असतात म्हणून माणूस उभा राहतो. ते तुटल्याचा आवाज आईलाही ऐकू आला.

"गॅस बंद कर," ती म्हणाली.

गॅस बंदच होता.

खुर्चीवर वीस तऱ्हांच्या मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, लांबलचक माळ उरली. एकही मणी निसटला नव्हता. फक्त दोन जागी माळ स्वतःलाच घट्ट धरून होती.

"हे काय गं?"

"गंधकाचे पूल. ते नुसत्या तापाने तुटत नाहीत."

"मग तेवढा तरी आहे तो," आई म्हणाली.

मी माझ्या लग्नाच्या अल्बममधला दादाचा फोटो समोर ठेवून त्याला हाताने घडी घालू लागले. कोपराच्या जागी टाच आली. सोडवायला गेले, तर गुंता वाढला. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. आईला नाही सांगितलं.

"ओढू नकोस त्याला. गार पाण्यात ठेव."

आम्ही बाथरूममधला मोठा टब भरला आणि त्याला अलगद आत सोडलं.

"दादा, चुकलं माझं," मी पाण्याला म्हणाले. जेवताना हे म्हणायला मला किती वेळ लागला असता?

माळ हलली. आपोआप मुडपत गेली. पाठ आली, खांदे आले, पायाची बोटं आली.

"आला गं माझा श्रीरंग!" आई रडायला लागली.

पाणी ज्याला सोसत नाही, ते घडीच्या आत जातं. नियमच आहे तो. दादाचे डोळे आत गेले, मग नाक, मग ओठ. त्यांच्यावर मागचं डोकं मिटलं.

"श्रीरंग, इकडे बघ रे."

तो आईकडे वळला. त्या बाजूलाही केसच होते.